वडिलांची एचएमटी जनता: डायल रंगवून घ्यावी का?

सेलूची लेक
आमच्या अण्णांचं एचएमटी जनता घड्याळ माझ्याकडे आलंय. अण्णा जिल्हा परिषदेच्या शाळेवर मास्तर होते. सकाळी रेडिओवर मराठी बातम्या लागल्या की घड्याळ लावून घ्यायचे, चावी द्यायचे, एकदा कानाला धरायचे अन् मग शाळेला निघायचे. आता चावी दिली की दहा-पंधरा मिनिटं चालतं आणि बंद पडतं. पाचच्या आकड्याखाली पिवळट डाग आहे, काचेवर चरे आहेत. इथल्या एका दुकानात दाखवलं तर म्हणाले, "डायल रंगवतो, केस पॉलिश करतो, एकदम नवं होईल." भाऊ पण तेच म्हणायलाय. वैशाखात त्याचं लग्न आहे, त्याला हेच घालायचंय. माझं मन होईना. तो डाग अण्णा असतानाचाच आहे. काय करावं?

परभणीकर
ताई, लग्नात घालायचं तर घ्या करून. माझ्या वडिलांच्या घड्याळाची डायल मी बदलली, रोज वापरतो. कपाटात पडून राहण्यापेक्षा मनगटावर असलेलं बरं.

गोलाईतला घड्याळजी
ताई, घाई करू नका. मी लातूरला गंजगोलाईत एकतीस वर्षं हेच काम करतो. बंद पडण्याचा अन् डायलचा काही संबंध नाही. एचएमटीनं जपानच्या सिटिझनच्या मदतीनं १९६१ ला बंगळूरला घड्याळं काढायला सुरुवात केली, जनता त्याच घराण्यातली. १७ ज्वेलची, म्हणजे चाकांची टोकं ज्यात फिरतात त्या बारीक खड्यांची, चावीची मशीन. बॅलन्स (आतलं मागंपुढं झुलणारं चाक) तासाला १८,००० ठोके देतो, म्हणजे सेकंदाला पाच. घड्याळ वर्षानुवर्षं पडून राहिलं की आतलं तेल सुकून डिंकासारखं होतं, बॅलन्सला जोर पुरत नाही. मशीन पूर्ण खोलून धुवायची, ज्वेलला सुईच्या टोकानं नवं तेल द्यायचं, मेनस्प्रिंग (चावी दिली की गुंडाळली जाते ती) थकली असली तर बदलायची. बहुतेक वेळा एवढ्यानं काम होतं. काच प्लास्टिकची असते, वरवरचे चरे बफ मारून जातात.

आता डायल रंगवणं म्हणजे काय ते सांगतो. जुनी छपाई घासून काढतात, रंग मारतात, वर ठसा उठवतात. अक्षरं जाड येतात, मिनिटांच्या रेघा आकड्यांसमोर बसत नाहीत. कंपनीची छपाई गेली ती गेली. २००४ साली औशाच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचं घड्याळ मी असंच चकाचक करून दिलं. त्यांनी उलटंपालटं केलं, बराच वेळ बघितलं अन् म्हणाले, "बाबा, ह्ये माझं न्हाई." मी परोपरीनं सांगितलं, तुमचंच आहे. पैसे देऊन गेले, पण घड्याळ हाताला बांधलं नाही, खिशात टाकलं. त्या दिवसापासून मालकानं दोनदा सांगितल्याशिवाय मी डायलला हात लावत नाही.

देताना डायलचा फोटो काढून ठेवा. काढलेला प्रत्येक भाग पुडीत बांधून परत मागा. २०१६ ला सरकारनं एचएमटीचं घड्याळांचं काम बंद करायचं ठरवलं, सुटे भाग आता बहुतेक जुन्या घड्याळांतूनच काढावे लागतात. आणि मागचं झाकण उघडलं की आतून बघा. पूर्वीचे कारागीर दुरुस्तीची तारीख तिथं कोरून ठेवायचे.

नांदेडचा काटा
काकांचं बरोबर आहे. भावाला नवंच दिसणारं पाहिजे असेल तर त्याला दुसरी जनता घ्या, पण बघून. भडक हिरव्या-गुलाबी डायलच्या "नव्या" जनता विकायलेत, बहुतेक रंगवलेल्याच असतात. आणि दुरुस्तीनंतर घड्याळ स्पीकरजवळ ठेवू नका. हेअरस्प्रिंगला, म्हणजे बॅलन्सच्या केसासारख्या बारीक स्प्रिंगला, चुंबक लागलं की घड्याळ पुढं पळत सुटतं.

सेलूची लेक
काका, तुमचं वाचून घड्याळ परभणीला दुसऱ्या कारागिराकडे नेलं. डायलला हात लावू दिला नाही. झाकण उघडलं तेव्हा मी समोरच बसले होते. आतून बारीक अक्षरात कोरलेलं होतं, १२-६-८६ आणि त्याखाली ३-५-९४. पहिली तारीख शाळा उघडायच्या तोंडावरची. सुट्टी संपायच्या आत अण्णांनी करून घेतलं असणार. भावाला फोटो पाठवला. त्याचा लगेच फोन आला, "डायल राहू दे तशीच, मी तेच घालतो."

काल सकाळी बातम्यांशी लावून चावी दिली होती. आज परत बातम्यांशी लावून बघितलं. वीस सेकंद पुढं आहे, पण चालायलंय.