फौजदार, आयुक्त आणि मंत्रिपद: वर्दी उतरवून राजकारणात जायचे नियम नेमके काय आहेत?

बार्शीकर:
सुशीलकुमार शिंदे फौजदार होते, हे आमच्या सोलापूर जिल्ह्यात शाळकरी पोरालाही माहीत असतं. पुढे ते मुख्यमंत्री झाले, केंद्रात गृहमंत्री झाले. मुंबईचे पोलीस आयुक्त सत्यपाल सिंह २०१४मध्ये नोकरी सोडून चार महिन्यांत खासदार झाले आणि २०१७मध्ये केंद्रात राज्यमंत्री. याउलट महाराष्ट्र केडरचेच आयपीएस अधिकारी अब्दुर रहमान २०२४मध्ये वंचितकडून धुळ्यात उभे राहिले, तर अर्ज छाननीतच बाद झाला.

तिघेही पोलीस, मग गाडी अडते कुठे? राजीनामा दिला की लगेच उभं राहता येतं का? पेन्शन मिळते का? काही वर्षं थांबण्याची अट आहे असंही ऐकतो. कृपया ऐकीव नको, नियम सांगा.

आस्थापना शाखा:
बार्शीकर, गाडी अडते ती मंजुरीच्या आदेशापाशी. राजीनामा दिला कधी याला निवडणुकीत किंमत नाही, तो मंजूर कधी झाला ते बघतात. राज्यघटनेच्या कलम १०२ प्रमाणे (विधानसभेसाठी १९१) सरकारी लाभाचं पद धारण करणारा माणूस अपात्र असतो. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ३६ नुसार ही पात्रता छाननीच्या दिवशी तपासतात. त्या दिवशी तुम्ही कागदोपत्री सेवेत असाल तर विषय संपला, मग वर्दी कपाटात ठेवून कितीही वर्षं झालेली असोत.

रहमान यांचं हेच झालं. त्यांचा स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज आधी नामंजूर झाला होता. डिसेंबर २०१९मध्ये नागरिकत्व दुरुस्ती कायद्याच्या निषेधार्थ त्यांनी नोकरी सोडत असल्याचं जाहीर केलं, पण सरकारी मंजुरी काही हातात पडली नाही.

आता पेन्शन. आयपीएस अधिकाऱ्याला बाहेर पडायला दोन दरवाजे आहेत आणि चुकीचा निवडला तर आयुष्यभराचं नुकसान होतं. अखिल भारतीय सेवा (मृत्यू-नि-सेवानिवृत्ती लाभ) नियम, १९५८ मधल्या नियम ५ प्रमाणे राजीनामा दिला की आधीची सगळी सेवा पेन्शनपुरती बुडते. नियम १६(२) खाली ३० वर्षं सेवा किंवा वयाची ५० वर्षं झालेल्यांना ३ महिन्यांची नोटीस देऊन निवृत्ती घेता येते आणि पेन्शन शाबूत राहते. २० वर्षं झालेल्यांसाठी १६(२अ) आहे, पण त्यात मंजुरीचा फास जास्त घट्ट असतो. खात्यांतर्गत चौकशी चालू असेल किंवा निलंबन असेल तर अर्ज हमखास लटकतो.

सत्यपाल सिंह १९८० च्या तुकडीचे, म्हणजे ३० वर्षं केव्हाच भरलेली. वयोमानाने ते नोव्हेंबर २०१५मध्ये निवृत्त होणारच होते. ३१ जानेवारी २०१४ला पदमुक्त झाले आणि २ फेब्रुवारीला मेरठच्या सभेत भाजपमध्ये गेले. सरकारने मनात आणलं तर ३ महिन्यांची नोटीस अशी आखडते.

राजीनामा परत घेण्याबद्दलही लिहून ठेवतो, कारण इथे पुष्कळांचा गैरसमज असतो. एरवी ९० दिवसांच्या मर्यादेत राजीनामा मागे घेण्याची विनंती करता येते, पण राजकीय पक्षात जायच्या हेतूने दिलेला असेल तर ती मान्य करायची नाही असं नियमातच आहे. हरलो तर परत ठाण्यात, हा मार्ग बंद.

भीमाकाठ:
वरचं सगळं आयपीएसचं झालं. फौजदार हा राज्य सेवेतला, त्याला महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ लागतात. त्यात नियम ४६ खाली राजीनाम्याने सेवा जप्त होते आणि नियम ६६ खाली २० वर्षांनंतर स्वेच्छानिवृत्ती मिळते.

शिंदेसाहेबांच्या वेळी हे १९८२ चे नियम नव्हते, पण त्यांची पोलीस नोकरीच मुळात लहान होती. सोलापूरच्या सत्र न्यायालयात काम केल्यावर १९६५मध्ये ते फौजदार झाले आणि मुंबईत सीआयडीत होते. १९७१मध्ये शरद पवारांच्या सांगण्यावरून राजीनामा दिला. लोक ही गोष्ट सांगताना इथून थेट मंत्रिपदावर उडी मारतात, पण मधला टप्पा सगळ्यात महत्त्वाचा आहे. १९७२ला करमाळ्याची उमेदवारी त्यांना मिळालीच नाही. नोकरी गेलेली, तिकीटही नाही. ते तगले कारण कायद्याची पदवी हाताशी होती आणि वकिली करता आली. पुढे तिथल्या आमदारांच्या निधनाने पोटनिवडणूक लागली, ती ते जिंकले आणि वसंतराव नाईकांच्या मंत्रिमंडळात राज्यमंत्री झाले.

तिकिटाचा शब्द आणि तिकीट यांत अंतर असतं, हे आजही तितकंच खरं. बिहारचे पोलीस महासंचालक गुप्तेश्वर पांडे यांनी सप्टेंबर २०२०मध्ये स्वेच्छानिवृत्ती घेतली, ती चटकन मंजूरही झाली. पाच दिवसांत जदयूत गेले आणि त्या निवडणुकीत तिकीट मिळालं नाही.

एक गोष्ट आवर्जून सांगण्यासारखी आहे. २००२च्या उपराष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत शिंदे हरले ते भैरोंसिंह शेखावत यांच्याकडून. शेखावतही राजकारणात येण्याआधी राजस्थानात फौजदारच होते.

बार्शीकर:
दोघांचेही आभार. रहमान यांचा मुद्दा आता पूर्ण उलगडला. थांबण्याच्या अटीचं राहिलं. शिवाय सत्यपाल सिंह नोकरीला मुंबईत, निवडणूक उत्तर प्रदेशातल्या बागपतला, हे कसं चालतं?

छाननी टेबल:
थांबण्याची अट नाही. निवडणूक आयोगाने २०१२मध्ये तशी शिफारस केली होती, केंद्राने ती मानली नाही. २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हा प्रश्न कायदेमंडळाचा आहे म्हणून याचिका फेटाळली. खासगी कंपनीत जायचं तर निवृत्तीनंतर वर्षभर सरकारची परवानगी लागते, पक्षात जायला एक दिवसही थांबावं लागत नाही. माझ्या मते हे उलटं आहे. कालपर्यंत ज्याच्या हाताखाली शहरातली प्रत्येक चौकशी होती, त्याच्या पक्षप्रवेशाला निदान वर्षभराचं अंतर हवं.

बागपतचं सोपं आहे. लोकसभेला देशातल्या कुठल्याही मतदारसंघाचे मतदार असलात तरी चालतं, फक्त मतदार यादीच्या त्या भागाची प्रमाणित प्रत जोडावी लागते. विधानसभेला मात्र त्याच राज्याचे मतदार असावं लागतं.

पोलीस अधिकारी जिथे अडकतात ती जागा म्हणजे उमेदवारी अर्जासोबतचं नमुना २६ चं शपथपत्र. मागच्या १० वर्षांत सरकारी निवासस्थान वापरलं असेल तर भाडं, वीज, पाणी आणि टेलिफोन यांचं थकबाकी नसल्याचं प्रमाणपत्र जोडायचं असतं. बदल्यांच्या नोकरीत १० वर्षांत चार-पाच बंगले सहज होतात आणि प्रत्येक ठिकाणचा दाखला वेगळ्या कार्यालयातून आणायचा. पदमुक्तीच्या आदेशाबरोबरच या दाखल्यांचे अर्ज टाकावेत. शेवटच्या दिवशी ३ वाजेपर्यंतच अर्ज घेतात, तेव्हा धावपळ करून उपयोग नसतो. कुठलाही रकाना मोकळा सोडू नये, लागू नसेल तर तसं लिहावं.

आणि जो बडतर्फ झालाय त्याचं प्रकरण वेगळं. भ्रष्टाचार किंवा राज्याशी द्रोह या कारणाने बडतर्फी असेल तर लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ९ खाली ५ वर्षं अपात्रता. कारण दुसरं असेल, तरी ५ वर्षं व्हायच्या आत उभं राहताना बडतर्फी त्या दोन कारणांनी नसल्याचं आयोगाचं प्रमाणपत्र अर्जासोबत लागतं.

आस्थापना शाखा:
मंत्रिपदाबद्दल थोडं. सत्यपाल सिंह यांनी २०१४ला बागपत २ लाखांहून जास्त मतांनी जिंकलं, तिथले आधीचे खासदार अजित सिंह तिसऱ्या क्रमांकावर गेले. मंत्रिपद मिळालं ते ३ सप्टेंबर २०१७ला, मनुष्यबळ विकास आणि जलसंपदा खात्यांत राज्यमंत्री म्हणून. आयुक्ताच्या सहीने शहरातल्या बदल्या आणि बंदोबस्त हलतो. राज्यमंत्र्याकडे मात्र कॅबिनेट मंत्री जे विषय वाटून देतील तेवढ्याच फाइली येतात. शिंदे यांनी राज्यमंत्री, अर्थमंत्री, मुख्यमंत्री, राज्यपाल, केंद्रात ऊर्जामंत्री असे टप्पे ओलांडल्यावर ३१ जुलै २०१२ला गृहखातं हाती घेतलं. आयपीएस केडरचं नियंत्रण याच खात्याकडे असतं, म्हणजे एकेकाळच्या फौजदाराकडे आता देशभरातल्या आयपीएस अधिकाऱ्यांच्या फाइली आल्या.