शंभर मिलिवॉटचं एएम स्टेशन: छंद, की उगाच खरखर?

मध्यमलहरी (धागाकर्ता)

"इंटरनेटवरून फुकटात जगभर ऐकवता येतं, मग घरापुरतं एएम स्टेशन कशाला?" हा प्रश्न हल्ली फार कानावर येतो, म्हणून वेगळा धागा काढतोय. (एएम म्हणजे इथे रेडिओचा मध्यमलहरी पट्टा, मीडियम वेव्ह.) माझं मत आधीच सांगतो. हा छंद करण्यासारखा आहे, आणि पल्ला तोकडा आहे म्हणूनच करण्यासारखा आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: अमेरिकेत एफसीसी या दूरसंचार नियामक संस्थेच्या नियमावलीचा भाग 15 आहे. त्यात 510 ते 1705 किलोहर्ट्झमध्ये विनापरवाना प्रक्षेपणाची सवलत आहे. ट्रान्समीटरच्या शेवटच्या टप्प्याला दिलेली पॉवर 100 मिलिवॉटच्या वर जाता कामा नये, आणि अँटेना, तिच्यापर्यंतची वायर व अर्थची तार मिळून 3 मीटरच्या आत हवी. स्वतःसाठी घरी बनवलेले, न विकलेले पाच संच मंजुरीशिवाय चालतात. फक्त ते किटमधून जोडलेले नकोत.

आता गंमत बघा. 1600 किलोहर्ट्झला तरंगलांबी जवळपास 187 मीटर. तिथे 3 मीटरची काडी म्हणजे काहीच नाही. तिचा प्रक्षेपण-रोध (रेडिएशन रेझिस्टन्स, म्हणजे लहरी बनून बाहेर जाणाऱ्या शक्तीचं माप) भरतो जेमतेम 0.1 ओहम. काडी ट्यून करणारी कॉइल आणि जमीन मिळून चाळीसेक ओहम खातात. म्हणजे 100 मिलिवॉटमधून हवेत जातो पाव मिलिवॉट, तोही नशीब असेल तर. तरी रेडिओवर स्वच्छ ऐकू येतं! त्या पाव मिलिवॉटसाठी माणूस अँटेना, अर्थ, कॉइल, मॉड्युलेशन (लहरीवर आवाज चढवणं) सगळं शिकतो. स्ट्रीमिंगमध्ये काय शिकणार, पासवर्ड विसरला तर काय करायचं ते?

आणि प्रसारणाची सुरुवातच मुळी हौशी माणसांकडून झाली. पिट्सबर्गजवळ फ्रँक कॉनरॅड आपल्या गॅरेजमधून रेकॉर्डी वाजवायचा. त्यातूनच पुढे केडीकेए या स्टेशनने 2 नोव्हेंबर 1920 ला अध्यक्षीय निवडणुकीचे निकाल ऐकवले.

शंकेखोर

मालक, छंद म्हणून काहीही करा, पण 'स्टेशन' म्हणू नका. स्टेशनला श्रोता लागतो. जर्मनीने 2015 संपता संपता मीडियम वेव्ह आटोपती घेतली. काही इलेक्ट्रिक गाड्यांमधून एएम काढून टाकलंय, कारण मोटारीच्या कंट्रोलरचा आवाजच रेडिओत घुसतो. घरात एलईडी दिवे, चार्जर, सोलरचे इन्व्हर्टर, सगळे मिळून पट्टाभर भुणभुण. त्यात तुमचा पाव मिलिवॉट. ऐकणार कोण, घरातली मंडळी? त्यांना हाक मारली तर जास्त लांब जाईल.

कॉनरॅडचं उदाहरण तर गैरलागू. त्याच्याकडे 8एक्सके हा परवाना होता आणि तेव्हा पट्टा जवळपास मोकळा होता. आज काय अवस्था आहे?

सोल्डरवाला

शंकेखोर, श्रोत्याचा मुद्दा उरफाटा आहे. जुने व्हॉल्व्हचे सेट दुरुस्त करणाऱ्यांना विचारा. सेट घासूनपुसून, कपॅसिटर बदलून, डायलची दोरी नवी घालून उभा केला. आता त्यावर लावायचं काय? एएम स्टेशनं कमी होतायत हे तुम्हीच म्हणताय. घरातल्या घरात हवी ती गाणी त्या सेटवर वाजवायला छोटा ट्रान्समीटर लागतोच. माझ्या ओळखीत बरेच जण त्यासाठीच बनवतात, 'स्टेशन' वगैरे डोक्यातही नसतं.

बाकी कॉइलबद्दल, कारण धागाकर्त्याने ती एका शब्दात उरकली आणि खरी मजा तिथेच आहे. 3 मीटरची काडी म्हणजे जेमतेम तीसेक पिकोफॅरड. 1600 ला त्याची रिअ‍ॅक्टन्स (बदलत्या करंटला होणारा अडथळा) तीन हजार ओहमच्या पुढे. ती मारायला 330 मायक्रोहेन्रीच्या आसपासची कॉइल लागते. जाड तार, मोठा व्यास, वेढे एकाला एक न चिकटवता. ट्यूनिंग इतकं टोकदार की फील्ड मीटरचा (लहरींची ताकद दाखवतो तो) काटा वर आला म्हणून खूश होऊन तुम्ही मागे सरकता, आणि काटा पडतो! तुमचं अंगच कपॅसिटरचं काम करत होतं. पावसात काडी भिजली की पुन्हा सरकतं. हे पुस्तकात वाचून कळत नाही राव, हात घालावा लागतो.

आणि नवख्यांनो, पट्ट्याच्या वरच्या टोकाला बसा. तीच काडी 600 किलोहर्ट्झला प्रक्षेपण-रोधात सातपट मार खाते.

नियमावली

तांत्रिक कौतुक वाचलं. आता कोणी न बोललेलं बोलतो.

यातले बरेच जण 3 मीटरचा नियम कागदावर पाळतात. ट्रान्समीटर छपरावर चढवतात, वर बरोबर 3 मीटरची काडी, आणि डब्यापासून जमिनीपर्यंत दहा मीटर तार. विचारलं तर "ती अँटेना नाही हो, अर्थ आहे". अहो, त्या तारेतूनही तोच करंट वाहतो आणि तीही तितकीच प्रक्षेपण करते. किंबहुना छपरावरची मांडणी अचानक 'जास्त चांगली' चालते ती तिच्यामुळेच. नियम लिहिणाऱ्यांना हे माहीत होतं, म्हणून तर त्यात अर्थची तार मोजली आहे. जे पल्ल्याचे आकडे छाती फुगवून सांगितले जातात, त्यातले किती जमिनीवर ठेवलेल्या डब्याचे आहेत ते आधी सांगा.

दुसरं, हार्मोनिक, म्हणजे मूळ वारंवारतेच्या दुप्पट-तिप्पट जागी उमटणारे नको असलेले सिग्नल. स्विचिंगचा शेवटचा टप्पा आणि फिल्टर नाही, असा संच 540 वर लावला तर तिसरा हार्मोनिक 1620 वर, म्हणजे त्याच पट्ट्यात. मॉड्युलेशन शंभर टक्क्यांच्या वर गेलं की शेजारच्या चॅनेलवर थुंकी उडालीच. पॉवर कमी म्हणून सगळं माफ, असं नसतं.

आणि ही अमेरिकेतली सवलत आहे, जगभरची नव्हे. इथे वाचून कोणी आपल्या देशाचा कायदा न बघता डबा चालू करू नये. अमेरिकेतही चोरट्या प्रसारणाविरुद्धचा पायरेट अ‍ॅक्ट 2020 मध्ये आला. सवलतीबाहेर जाणाऱ्याला त्याने दिवसाला एक लाख डॉलरपर्यंत दंड ठेवला होता.

मध्यमलहरी (धागाकर्ता)

@नियमावली, अर्थच्या तारेबद्दल शंभर टक्के सहमत. डबा जमिनीलगत, खाली तांब्याच्या तारा चहूबाजूंना पसरलेल्या, हीच मांडणी प्रामाणिक. पण चार जण छपरावर चढतात म्हणून छंदच वाईट, हे पटत नाही. तुमचा आक्षेप पल्ल्याच्या हव्यासावर आहे, आणि मी तर पहिल्याच परिच्छेदात पल्ला तोकडा हवा म्हणतोय!

@शंकेखोर, श्रोत्यांचं म्हणाल तर 1936 मध्ये ब्राऊन विद्यापीठात दोन विद्यार्थ्यांनी वसतिगृहाच्या खोल्यांपुरतं स्टेशन काढलं. तारांवरून सिग्नल सोडायचे, इमारतीबाहेर फारसं काही जायचं नाही. अमेरिकेतल्या कॉलेज रेडिओचं मूळ तिथे सांगतात. श्रोते मोजके होते, पण होते.

शंकेखोर

वसतिगृहातल्या पोरांकडे तेव्हा दुसरं होतं काय? आज त्याच खोलीत प्रत्येकाच्या हातात फोन आहे, आणि फोनमध्ये एएम नसतंच. तुमचा श्रोता आधी रेडिओ शोधणार, मग सेल घालणार, मग ते वरचं टोक धुंडाळणार. आणि रात्री काय करणार? सूर्य बुडाला की या लहरी शोषून घेणारा आयनमंडलाचा (वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित भागाचा) डी थर विरतो, शेकडो किलोमीटरवरची स्टेशनं आकाशातून उतरतात आणि तुमच्या चॅनेलवर येऊन बसतात. दिवसा कुंपणापर्यंत, रात्री उंबरठ्यापर्यंत. लोक घरी असतात नेमके तेव्हाच तुमचं स्टेशन झोपतं. :)

सोल्डरवाल्यांचा जुन्या सेटचा मुद्दा मात्र मान्य. पण त्याला प्रसारण नाही म्हणत, ती बिनतारी वायर झाली.

खुंटी पिळा

वाचतोय. एक भर: नेदरलँड्समध्ये कमी शक्तीच्या मीडियम वेव्हसाठी रीतसर परवाने मिळतात, 1 वॉटपासून 100 वॉटपर्यंत. मोठी स्टेशनं उठून गेल्यावर रिकाम्या झालेल्या जागेत तिथले हौशी लोक बसलेत. तेव्हा "एएम संपलं" हे वाक्य अर्धंच आहे. मोठ्यांचं संपतंय.

अवांतर: 'बिनतारी वायर' आवडलं, ढापणार आहे.

नियमावली

खुंटी पिळा, हाच मुद्दा मी मांडणार होतो. परवाना मागा, वारंवारता ठरवून घ्या, मग खुशाल 1 वॉट सोडा. विनापरवाना पाव मिलिवॉटला कवटाळून बसण्यापेक्षा परवान्याची मागणी लावून धरा. तुमची ताकद तिकडे लावा.

सोल्डरवाला

मागणी लावणारे आधी तयार कुठून होणार? याच पाव मिलिवॉटवाल्यांतून. ज्याने कधी कॉइलच गुंडाळली नाही त्याला 1 वॉटचा परवाना दिला तर तो काय करेल, हे तुम्हीच वर हार्मोनिकच्या परिच्छेदात लिहून ठेवलंय.

आणि शंकेखोर, रात्रीच्या गोंगाटावर उपाय आहे. अंधार पडल्यावर डायल सावकाश फिरवून कुठल्या चॅनेलवर दूरची स्टेशनं सर्वात क्षीण आहेत ते टिपून ठेवायचं, आणि त्यावर बसायचं. दिवसा मोकळं दिसलेलं चॅनेल बघून कॉइल कापू नका. कोणी अशी रात्रीची यादी केली असेल तर टाका इथे, ऋतूप्रमाणे किती बदलते ते बघायचंय.