‘एरर’ आणि ‘मिस्टेक’ : दोन्ही म्हणजे फक्त ‘चूक’ का?

दांडियाबाजारकर

परवा येथे एका सभासदाने लिहिले की बडोद्याच्या मराठी घरांत ‘मिस्टेक’ आणि ‘एरर’ हे दोन्ही शब्द सर्रास ऐकू येतात, दोहोंचा अर्थ ‘चूक’ एवढाच आहे आणि एका अर्थासाठी दोन परके शब्द बाळगणे हा निव्वळ आळस आहे. आळसाची तक्रार मी समजू शकतो. परंतु दोन्हींचा अर्थ एकच, हे विधान मला इतके खटकले की सविस्तर उत्तर लिहिल्यावाचून राहवत नाही.

‘मिस्टेक’ हा शब्द जुन्या नॉर्स भाषेतून इंग्रजीत आला आणि त्याचा मुळातला अर्थ ‘चुकीचे घेणे’ असा आहे. एकाला दुसराच समजणे, भलतीच वस्तू उचलणे, बोलण्याचा विपरीत अर्थ लावणे, या सगळ्यांत घेणारा माणूस हजर असतो. ‘एरर’ लॅटिनमधून आला. त्याच्या मुळाशी ‘भटकणे, वाट सोडून जाणे’ हे क्रियापद आहे. तेथे कोण भटकले यापेक्षा खऱ्या वाटेपासून किती अंतर पडले, याला महत्त्व असते.

अकरावीत असताना माझ्या वाट्याला आलेल्या व्हर्नियर कॅलिपरचे, म्हणजे बारीक मापे घेण्याच्या उपकरणाचे, जबडे पूर्ण मिटले, तरी व्हर्नियरचे शून्य मुख्य पट्टीच्या शून्याच्या किंचित उजवीकडे राहत असे आणि तिसरी रेघ जुळत असे. म्हणून प्रत्येक मापातून ०.०३ सेंटिमीटर वजा करावे लागे. ही ‘झिरो एरर’ होती आणि ती मोजणाऱ्या कोणाचीही मिस्टेक नव्हती. वजाबाकी करायला मी विसरलो, तेव्हा मात्र मिस्टेक माझी होती आणि गुणही माझेच कापले गेले.

हा भेद केवळ पुस्तकी नाही. माझ्या आईच्या नावाला एका कार्यालयात ‘बेन’ हे गुजराती आदरार्थी पद जोडले गेले आणि दोन कागदांवरची नावे जुळेनात, म्हणून तिचे निवृत्तिवेतन सात महिने अडले. खिडकीपलीकडून दर वेळी एकच उत्तर मिळे, ‘सिस्टिममध्ये एरर आहे.’ वास्तविक आईने अर्ज स्वतःच्या हाताने, ‘बेन’ न लिहिता भरला होता. ती अक्षरे कोणीतरी आपल्या बोटांनी टंकित केली होती. ती मिस्टेक होती. तिला एरर म्हटल्याबरोबर ती करणारा माणूसच नाहीसा झाला, आणि ज्याच्याकडे दाद मागावी असा कोणी उरला नाही.

सनद

आपल्या मातोश्रींना झालेल्या त्रासाबद्दल वाईट वाटते. पण त्यावरून भाषेचा नियम बसवता येत नाही. मी तीस वर्षे दिवाणी न्यायालयात कागद हाताळले आहेत. दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ हिच्या आदेश ४७, नियम १ मध्ये पुनर्विलोकनाचे, म्हणजे दिलेला निकाल न्यायालयाने पुन्हा तपासण्याचे, कारण म्हणून ‘मिस्टेक ऑर एरर’ हे दोन्ही शब्द एका दमात येतात. कलम १५२ मध्येही दोन्ही आहेत. इतक्या काटेकोर माणसांनी शब्द जोडीने वापरले, ते त्यांना समानार्थी वाटले म्हणूनच. व्युत्पत्तीवरून आजचा अर्थ ठरवू लागलो, तर कोणताच दस्त उभा राहणार नाही.

मांडवीचा पेढीवाला

आमच्या पेढीच्या बिलावर खाली इंग्रजीत ‘ई. अँड ओ. ई.’ (‘एरर्स अँड ओमिशन्स एक्सेप्टेड’) आणि गुजरातीत ‘भूलचूक लेवीदेवी’ असे छापलेले असते. त्या इंग्रजी आद्याक्षरांतला पहिला शब्द ‘एरर्स’ आहे, ‘मिस्टेक्स’ नाही. आकडा मुनीमजींनी चुकवला की यंत्राने, याच्याशी गिऱ्हाइकाला कर्तव्य नसते. कागदावर जे वाकडे उमटले, ते सरळ करून घेण्याचा हक्क दोघांनी राखलेला असतो. या मुद्द्यावर मी दांडियाबाजारकरांच्या बाजूने आहे. आमच्या घरात मात्र या दोन्ही शब्दांची गरज पडत नाही. आम्ही चार पिढ्या ‘माझी भूल झाली’ असेच म्हणतो.

पुण्याची लेक, बडोद्याची सून

‘माझी भूल झाली’ हे मराठी नाही, हे मला स्पष्टच सांगावेसे वाटते. भूल शस्त्रक्रियेपूर्वी देतात, भूल सौंदर्याची पडते. गुजराती शब्द मराठी प्रत्यय लावून घरात आणला, म्हणून तो मराठी होत नाही.

याहून घातक उदाहरण सांगते. लग्नानंतरच्या पहिल्याच मार्चमध्ये सासरे जेवताना समाधानाने म्हणाले, ‘यंदाचा घरवेरा (घरपट्टी) मी वेळेआधी चुकवला.’ माझ्या हातातला घास हातातच राहिला. इतका सज्जन माणूस कर बुडवतो आणि भर पंगतीत सांगतो, या विचाराने मी त्या रात्री झोपले नाही. गुजरातीत ‘चुकववुं’ म्हणजे भरणा करणे, हे मला दुसऱ्या दिवशी यजमानांकडून कळले. मराठीत कर चुकवणारा गुन्हेगार असतो. एकाच शब्दाने प्रामाणिक माणूस आणि करबुडवा यांचे वर्णन होऊ लागले, तर ती भाषेची श्रीमंती नव्हे.

मांडवीचा पेढीवाला

वहिनी, शुद्ध मराठीचा मक्ता कोणा एका शहराला दिलेला नाही. ‘हिशेब चुकता केला’ असे पुण्यातही म्हणतात ना? मग तेथे ‘चुकता’ म्हणजे बुडवलेला का? देणे फेडण्याचा अर्थ आपल्याच भाषेत जिवंत आहे. आम्ही तो क्रियापदातही जपला, एवढाच फरक. आणि ‘भूल’ परकी असेल, तर हिशेबाखाली ‘चूकभूल द्यावी घ्यावी’ लिहिणारे सगळे मराठी कारकून परके ठरतील. रानात वाट हरवते, तिला ‘रानभूल’ म्हणतात. म्हणजे वर सांगितलेला लॅटिन शब्दाचा ‘भटकणे’ हा अर्थ आमच्या भुलीत आधीपासून आहे.

बडोदे सरकारने १९३१ मध्ये राज्यकारभाराच्या शब्दांचा बहुभाषी कोश छापला, त्यात इंग्रजी शब्दासमोर गुजराती आणि मराठी प्रतिशब्द एकत्र दिलेले आहेत. सयाजीराव महाराजांना हा शेजार बाटवणारा वाटला नाही. आमच्या आजोबांच्या तोंडच्या शब्दाला कोणी घातक म्हणावे, हे मी ऐकून घेणार नाही.

पुण्याची लेक, बडोद्याची सून

आपल्या आजोबांचा अवमान मी केलेला नाही आणि तसा अर्थ काढणे अन्यायाचे आहे. ‘हिशेब चुकता’ मला मान्य करावेच लागते. ते मला सुचले नव्हते. ‘चूकभूल’मधली भूलही मान्य. पण ‘कर चुकवला’ हे वाक्य माझ्या मुलांच्या तोंडी मी येऊ देणार नाही, कारण ती उद्या पुण्यात नोकरीला गेली, तर ते ऐकणाऱ्याला समजावून सांगायला मी तेथे असणार नाही.

लाल शाई

मी इंग्रजीची शिक्षिका होते आणि मूळ प्रश्नाकडे वळू इच्छिते. १९६७ मध्ये एस. पी. कॉर्डर या भाषावैज्ञानिकांनी हाच भेद शिकणाऱ्यांच्या संदर्भात मांडला. येत असूनही घाईत जे निसटते, ती मिस्टेक. आणि नियमच वेगळा समजल्यामुळे जे पुन्हा पुन्हा घडते, ती एरर. लहान मूल ‘मी करलं’ म्हणते, तेव्हा ते गोंधळलेले नसते. ‘धरलं’, ‘भरलं’ यांवरून त्याने नियम शोधलेला असतो. हे मला उशिरा कळले. ‘कॅच’चे ‘कॅच्ड’ करणाऱ्या एका मुलाला मी ‘कॉट’ हे बरोबर रूप पन्नास वेळा लिहायला लावले होते, आणि पुढच्या वहीत ‘टीच्ड’ आले. त्याला शिक्षेची नव्हे, समजावण्याची गरज होती.

मात्र दांडियाबाजारकरांनी पाहावे की येथे एररच्या मागेही माणूस आहे. त्यांची वाटणी येथे तशीच्या तशी लागू होत नाही.

दांडियाबाजारकर

बाईंचे म्हणणे खरे आहे. ‘एररमागे माणूस नसतो’ असे मी सुचवले, ते जास्त झाले. माणूस असो वा नसो, एरर उरते, असे मी म्हणायला हवे होते.

सनदसाहेबांनी मात्र कलम १५२ पुन्हा वाचावे, ही विनंती आहे. त्यात लेखनाच्या आणि आकडेमोडीच्या ‘मिस्टेक्स’ एकीकडे आहेत, आणि दुसरीकडे नजरचुकीने किंवा काही गाळले गेल्यामुळे ‘उद्भवलेल्या एरर्स’ आहेत. हात घसरणे ही कृती, आणि त्यातून हुकूमनाम्यात जे राहून गेले ती एरर. आपण पुरावा म्हणून दिलेल्या कलमातच कारण आणि परिणाम वेगळे मांडलेले आहेत.

सनद

कलम पुन्हा वाचले. १५२ पुरते आपले वाचन चुकीचे म्हणता येत नाही, आणि तीस वर्षांत ते माझ्या लक्षात आले नाही हे नमूद करतो. करार कायदा, १८७२ याच्या कलम २० मध्येही दोन्ही पक्षांच्या चुकीच्या समजाला ‘मिस्टेक’ म्हटले आहे, म्हणजे तेही आपल्याच पारड्यात पडते. आदेश ४७ बाबत मी माझे मत बदललेले नाही. तेथे दोन्ही शब्द एकच काम करतात.

आईंच्या कागदाची दुरुस्ती अजून बाकी असेल, तर अर्जात ‘एरर’ लिहू नका. ‘कार्यालयाकडून झालेली लेखनातील चूक’ असे लिहा, मूळ अर्जाची प्रत जोडा आणि पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.