शब्दचर्चा : 'लक्ष्यवेधी' जाहिरात म्हणावं की आणखी काही?

रिकामटेकडा

'खोगीरभरती' या शब्दावर टिपण लिहीत होतो. खोगिरात नेमकं काय काय कोंबत असत ते पाहायला शब्द मोबाईलवर शोधला. घोड्याच्या पाठीवरच्या त्या गादीत हाताला लागेल ते भरायचं, म्हणून नुसता आकडा फुगवायला जमवलेल्या माणसांना खोगीरभरती म्हणायचं, इथवर सगळ्यांना ठाऊक आहेच. पण त्या संध्याकाळपासून मला पोलीस भरतीच्या क्लासच्या जाहिराती दिसू लागल्या. 'मैदानी व लेखी दोन्हीची तयारी, राहण्या-जेवणाची सोय.' शेजारी छाती फुगवून उभा असलेला तरुण. मग तलाठी भरती, मग वनरक्षक भरती. माझं वय बघता यातली एकही नोकरी मला लागणार नाही. घोडा मात्र कुठेच नाही. 'खोगीर' टाकून 'भरती' तेवढी उचललेली दिसते.

आता मुद्द्याचं. माणूस हेरून त्याच्यापुढे टाकलेल्या या जाहिरातींना मराठीत काय म्हणायचं? वर्तमानपत्रांत 'लक्ष्यित जाहिरात' वाचलं, 'लक्ष्यवेधी' वाचलं आणि एके ठिकाणी चक्क 'लक्षवेधी' छापलेलं पाहिलं. बरोबर कोणतं? आणि याहून घरगुती शब्द नाही का?

शाईदौत

मुद्रितशोधनात आयुष्य गेलं, त्यामुळे पहिलं उत्तर माझं. लक्षवेधी आणि लक्ष्यवेधी हे दोन वेगळे शब्द आहेत, एकमेकांची शुद्ध-अशुद्ध रूपं नव्हेत. लक्षवेधी म्हणजे लक्ष वेधून घेणारी. चौकातला मोठा फलक लक्षवेधी असू शकतो. विधिमंडळातली 'लक्षवेधी सूचना' ती हीच. तिथले वार्ताहर तर 'सूचना' गाळूनच टाकतात, 'आज तीन लक्षवेधी लागल्या' म्हणतात. लक्ष्यवेधी म्हणजे नेम धरून मारलेली. तुमच्या भरतीच्या जाहिरातीने तुमचं लक्ष वेधलं खरं, पण तिचा नेम साफ चुकला होता. म्हणजे ती लक्षवेधी होती, लक्ष्यवेधी नव्हती!

अडचण अशी की बोलताना दोन्ही एकच ऐकू येतात. कानाला कळत नाही आणि टंकताना 'य' गळतो.

पाणिनीचा शेजारी

शाईदौत यांच्याशी सहमत, एक पुरवणी. संस्कृतात 'लक्ष' याही शब्दाचा एक अर्थ नेम धरायची खूण असाच आहे. 'लक्ष्य' तर आहेच. मुंडकोपनिषदात प्रणव हे धनुष्य, आत्मा हा बाण आणि ब्रह्म हे लक्ष्य, अशी मांडणी आहे. 'लक्ष दे', 'लक्षात ठेव', 'लक्ष नाही तुझं' हा अवधान अर्थाचा वापर ही मराठीची चाल. हिंदीवाले तिथे 'ध्यान' म्हणतात. तेव्हा य-वाला आणि य-विना हा अर्थभेद मराठीने आपल्या सोयीने घट्ट केलेला आहे, आणि तो पाळावा हे बरं. क्रिकेटमुळे 'विजयासाठी १८० धावांचे लक्ष्य' लहान पोरांनाही कळतं.

टपरीवरचा

'टार्गेटेड ॲड' म्हणा आणि चहा घ्या. सगळे तेच म्हणतात.

उंबरठा

म्हणतात हो, पण शब्दचर्चेत येऊन असं म्हणणं म्हणजे खानावळीत जाऊन 'घरी जेवून आलोय' सांगणं.

रिकामटेकडा, तुमचं 'भरती' प्रकरण वाचून हसले, कारण माझं याहून वरताण आहे. मी शाळेत मराठी शिकवते. शाळांमधली शारीरिक शिक्षा आणि त्यावरची बंदी या विषयावर मुलांकडून निबंध लिहून घ्यायचा होता, म्हणून 'शिक्षा' शब्द घालून बरंच वाचलं. पुढे आठवडाभर इंजिनियरिंगचे प्रवेश, दूरस्थ पदव्या, बी.एड., परदेशी शिक्षणासाठी कर्ज. आधी उमजेना, मग ट्यूब पेटली: हिंदीत 'शिक्षा' म्हणजे शिक्षण! यंत्राने देवनागरी पाहिली आणि हिंदी धरून चाललं.

त्याच महिन्यात 'मानेवर जू ठेवणे' हा वाक्प्रचार समजावायला बैलगाडीच्या जुवाचं चित्र शोधत होते. मिळालं काय? उवा मारायचा शाम्पू आणि बारीक दातांची फणी. आपण 'ऊ' म्हणतो, त्यांची 'जूँ'. चंद्रबिंदू असो-नसो, त्या यंत्राला काय त्याचं! वर्गात मोबाईल पडद्यावर जोडलेला होता. पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, 'बाई, तुमच्या डोक्यात झाल्यात का?'

बोलीभाव

पुण्यात याच धंद्यात नोकरीला आहे, म्हणून आतली बाजू सांगतो. तुम्ही सगळे तीन वेगळ्या गोष्टींना एकच नाव शोधताय.

पहिली गोष्ट, तुम्ही आत्ता जे शोधताय किंवा ज्या पानावर आहात त्यातले शब्द बघून लावलेली जाहिरात. तिला तुम्ही कोण हे माहीत असायची गरज नसते. 'जू'चा शाम्पू या जातीचा. दुसरी, तुमचं एकूण वागणं बघून तुम्हाला एका गटात टाकून दाखवलेली. 'पुणे परिसर, चाळिशी, गाडी घ्यायच्या विचारात' असे गट असतात, त्यांना आम्ही ऑडियन्स म्हणतो. आठवडाभर पुरलेली 'शिक्षा' यात येते: बाई 'शिक्षणात रस' या गटात जाऊन पडल्या. तिसरी म्हणजे तुम्ही एका दुकानात एक वस्तू पाहिली, घेतली नाही, आणि मग तीच वस्तू जिथे जाल तिथे दिसते. तिला रीटार्गेटिंग किंवा रीमार्केटिंग म्हणतात.

पान उघडत असताना मागे लिलाव होतो. तुमचा फोन कोणत्या जातीचा, साधारण कुठल्या भागात आहे, कोणतं पान उघडलंय, ब्राउझरला चिकटवलेला क्रमांक कोणता, एवढं लिलावात जातं. जाहिरातदारांच्या वतीने यंत्रंच बोली लावतात, ज्याची बोली वर त्याची जाहिरात लागते. हे सगळं साधारण १०० मिलिसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या दहाव्या भागात उरकतं. एवढ्या घाईत 'खोगीर' म्हणजे काय हे कोण बघत बसणार? 'भरती' या शब्दावर बोली लावणारे क्लासवाले ढिगाने आहेत, 'खोगीर'वर एकही नाही. शब्दाचा अर्थ नाही, शब्दाला गिऱ्हाईक किती, हे तिथे चालतं.

आणखी एक, कारण हा प्रश्न मला प्रत्येक लग्नात विचारतात: कुकर घेऊन झाला तरी कुकरच का दिसतो? दुकानाने 'हे घेऊन गेले' ही यादी जाहिरातीच्या यादीतून वजा केलेली नसते, म्हणून. त्यात काही गूढ नाही, आळस आहे.

टपरीवरचा

आणि फोन आपलं बोलणं ऐकतो ते? मी नुसतं बोललो होतो बोअरवेलबद्दल. कुठे टाईप केलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी बोअर मारणारे हजर.

बोलीभाव

२०१८ मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठातल्या संशोधकांनी १७,००० हून जास्त अँड्रॉइड ॲप तपासली. मायक्रोफोन गुपचूप चालू करून आवाज बाहेर पाठवणारं एकही ॲप त्यांना सापडलं नाही. काही ॲप पडद्याचं चित्रीकरण बाहेर पाठवताना मात्र सापडली, ज्याची कुणी धास्ती घेतली नव्हती. तुम्ही बोअरवेलबद्दल ज्याच्याशी बोललात त्याने घरी जाऊन शोधलं असेल. एकाच वाय-फायवरची माणसं, एकाच जागी वारंवार असणारे फोन, यांची सांगड घातली जाते. कान लागतच नाहीत त्याला.

जुनी रद्दी

तुम्ही विशेषणावर अडलात. मला नामाचीच शंका आहे. याला जाहिरात म्हणायचं का?

'जाहीर' अरबीतून फारसीमार्गे आपल्याकडे आला. मूळ अर्थ उघड, डोळ्यांना दिसणारं. आपण त्यातून जाहीरनामा, जाहीर सभा, जाहीर माफी असे शब्द केले, आणि सगळ्यांत 'चारचौघांत' हा अर्थ शाबूत आहे. जुन्या मराठी पत्रांत जाहिरातीच्या डोक्यावर 'जाहीर खबर' असं छापत. आजही जमिनीचा व्यवहार असला की वकील वर्तमानपत्रात 'जाहीर नोटीस' देतात: 'तमाम लोकांस कळविण्यात येते की, खाली वर्णन केलेली मिळकत...' त्या नोटिशीचा जीव 'तमाम लोकांस' या दोन शब्दांत आहे. कुणाचा हक्क असेल तर त्याने पुढे यावं, मागाहून 'मला कळलंच नाही' म्हणू नये. दवंडीचंही तेच. गावात एकाच घरापुढे जाऊन पिटली तर ती दवंडी नव्हे.

आणि ही तुमची जाहिरात? ती तुम्हाला दिसते, शेजारी बसलेल्या बायकोला नाही. उद्या तुम्हाला ती पुन्हा दाखवता यायची नाही. एकाला एक भाव आणि दुसऱ्याला दुसरा सांगितला तरी ताडून कोण बघणार? चौकातल्या फलकावर थाप मारली तर दहा जण बोट दाखवतात. ही जाहीर नाहीच. कानात येऊन सांगितलेली गोष्ट आहे.

'बातमीदार' शब्दाचा प्रवास याच्या उलट झाला. पूर्वी त्याचा अर्थ हेर. आज पत्रकार, म्हणजे मिळालेलं उघड छापणारा. एक शब्द गुप्तातून उघड्यावर आला, दुसरा उघड्यावरून गुप्तात चाललाय. माझं मत : 'जाहिरात' शब्द मोडीत काढता येणार नाही, पण पुढचं विशेषण तरी असं हवं की त्यातली चोरटी बाजू दिसेल.

पाणिनीचा शेजारी

'जाहीर नसलेली जाहिरात' हा वदतोव्याघात झाला, पण मुद्दा पटला.

उंबरठा

'प्रायोजित'चंही असंच झालंय. दूरदर्शनवर 'या कार्यक्रमाचे प्रायोजक आहेत' असं सांगत, तेव्हा कार्यक्रम प्रायोजित असे आणि जाहिरात ही जाहिरात असे. आता जाहिरातीवरच बारीक अक्षरात 'प्रायोजित' लिहितात. माझ्या सासूबाईंना वाटायचं, ती सरकारमान्य वस्तू आहे.

रिकामटेकडा

जुनी रद्दी यांनी माझा प्रश्नच फिरवला, आणि बरं केलं. आता मला वाटतं, 'टार्गेट', 'लक्ष्य', 'नेम' हे सगळे शब्द बाण मारणाऱ्याच्या बाजूचे आहेत. आपण पडलो पाखरं. ज्याला मारतात त्याच्या बाजूने बोलणारे शब्द मराठीत भरपूर आहेत, ते वापरू. बोलीभाव यांच्या तीन जातींना तीन नावं सुचवतो. पानातले शब्द बघून येणारी ती 'शब्दाळू' (हे गमतीत, सुधारा). आपलं वागणं बघून येणारी ती 'पाळतीची जाहिरात'. पाळत ठेवणे हा शब्द पोलीस आणि संशयी नवरे दोघांनाही पुरतो, इथे का नको? आणि कुकर घेऊन मागे लागते ती 'पिच्छा पुरवणारी', थोडक्यात पिच्छेखोर.

शाईदौत

'पिच्छेखोर' माझ्याकडून मंजूर. भांडखोर, चहाडखोर, लाचखोर यांच्या पंगतीत शोभतो. 'खोर' लागला की मराठीत शब्दाची अब्रू जाते, तेच हवंय. 'शब्दाळू' नामंजूर. तिथे 'संदर्भजाहिरात' सरळ आहे. फक्त एक सावधगिरी. कायद्याच्या मजकुरात पिच्छेखोर चालणार नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याच्या ९ व्या कलमात १८ वर्षांखालच्या मुलांचा माग ठेवणं, त्यांच्या वागण्यावर नजर ठेवणं आणि त्यांना उद्देशून अशा जाहिराती करणं याला मनाई आहे, सरकारने सूट दिलेले अपवाद सोडून. तिथे शिवी देणारा शब्द नको, व्याख्या करता येईल असा हवा. 'लक्ष्यित' कोरडा आहे, पण कायद्याला कोरडाच लागतो. 'य' मात्र गाळू नका. 'लक्षित' म्हणजे दिसलेला, ध्यानात आलेला. कलमाचा अर्थच फिरेल.

टपरीवरचा

मी आत्ता 'पिच्छा' शोधला. मोरपिसांचे पंखे आले, डझनाच्या भावात.

पाणिनीचा शेजारी

संस्कृत 'पिच्छ' म्हणजे मोराच्या पिसाऱ्याचं पीस. तुमच्या यंत्राला या खेपेला हिंदीऐवजी संस्कृत आठवलं, अभिनंदन. मराठी 'पिच्छा' हिंदी 'पीछा'चा भाऊ, त्याचा मोराशी संबंध नाही.

बोलीभाव

एकाच माणसाला एक जाहिरात दिवसात जास्तीत जास्त किती वेळा दाखवायची याला आमच्याकडे 'फ्रीक्वेन्सी कॅप' म्हणतात. ती लावायला लोक विसरतात, मग पिच्छा सुरू. याला मराठी शब्द आहे का कुणाकडे? 'वारंवारितामर्यादा' नको, तो उच्चारेपर्यंत जाहिरात तीनदा दिसून जाते.

जुनी रद्दी

'रतीब' घ्या. दुधाचा रतीब असतो तसा जाहिरातीचा. 'रतीब तीनचा ठेवलाय' म्हणालात की ऑफिसात सगळ्यांना कळेल.

बोलीभाव

घेतला. सोमवारच्या मीटिंगमध्ये वापरतो.