गोळीचा तुटवडा: घरात साठा करावा की नाही?

प्रतापनगर (धागा सुरू केला)
मुलीच्या अंगावर आठ महिन्यांपासून पित्त उठतं. रोज फेक्सोफेनाडिन 180 ची एक गोळी. घेतली की गांधी बसतात, चुकली की सकाळी मान, पोट, मांड्या लाल. गेले तीन आठवडे ती घेते त्या कंपनीची गोळी नागपुरात आमच्या भागात मिळत नाहीये. परवा आम्ही दोघं गाडीवर बजाजनगर, धरमपेठ करत सीताबर्डीपर्यंत गेलो. पाचव्या दुकानात सहा स्ट्रिप होत्या. ह्यांनी सहाही घेतल्या. मागे एक बाई उभी होती, ओढणीखाली झाकलेल्या हातावर नखांच्या लाल रेघा. तिच्या चिठ्ठीवर तेच नाव. दुकानदार म्हणाला, "संपली." मी एक स्ट्रिप काढून द्यायला हवी होती. दिली नाही.

माझं म्हणणं, तुटवडा असताना महिन्याच्या वर औषध घरात ठेवू नये. ह्यांना ते पटत नाही. तुमचं काय मत?

मानेवाडा रोड
ताई, मलाही नाही पटलं. सहा स्ट्रिप म्हणजे साठ गोळ्या, दोन महिन्यांचं औषध. ही साठेबाजी नव्हे. मी सहा वर्षांपासून लिव्होसेटिरिझिन ही ॲलर्जीची दुसरी गोळी घेऊन राहिलो आहे. मागच्या वर्षी भंडाऱ्याला लग्नात गोळ्या संपल्या. म्हटलं, दोन-चार दिवसांनी काय होतं! तिसऱ्या रात्री तळहात-तळपायांना अशी खाज सुटली की पहाटेपर्यंत फरशीवर पाय घासत बसलो. मला वाटलं आजार वाढला. मग मे 2025 मधला अमेरिकेच्या एफडीएचा इशारा वाचला: सेटिरिझिन किंवा लिव्होसेटिरिझिन महिनोन्‌महिने रोज घेऊन बंद केलं, तर क्वचित काहींना तीव्र खाज सुटते. तेव्हापासून दोन महिन्यांच्या गोळ्या कपाटात असतातच. ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

इतवारी, औषध दुकान
काउंटरच्या आतल्या बाजूने सांगतो. तुमच्याकडे तुटवडा एका कंपनीच्या गोळीचा दिसतो, औषधाचा नाही. फेक्सोफेनाडिन 180 कितीतरी कंपन्या बनवतात. पण चिठ्ठीवर एका कंपनीचं नाव असलं की शेड्यूल एचच्या, म्हणजे चिठ्ठीवरच द्यायच्या औषधाला आम्ही दुसऱ्या कंपनीचं देऊ शकत नाही, आतलं औषध तेच असलं तरी. औषध नियमावलीतला 65(11अ) हा नियम. त्यामुळे "संपली" म्हणावं लागतं आणि माणूस पुढच्या दुकानात पळतो. 2023 च्या ऑगस्टमध्ये डॉक्टरांनी जेनेरिक, म्हणजे कंपनीच्या नाही तर औषधाच्या नावानेच लिहावं असा नियम आला आणि त्याच महिन्यात स्थगितही झाला.

डॉक्टरांना फोन करा, औषधाचं नाव आणि मिलिग्रॅम लिहून मागा. मग जनऔषधी केंद्रातही विचारता येईल. सहा स्ट्रिप एकाने नेल्या की पुढच्या पाच जणांना मला हात हलवत परत पाठवावं लागतं, आणि ते पाचही जण पुढच्या वेळी दुप्पट मागतात.

सदर
काका, "औषध तेच" हे तुम्ही फार सहज म्हणता. कंपनी बदलल्यावर माझ्या आईला पुन्हा गांधी उठल्या होत्या. गोळीवरच्या रंगाचा संशय आहे असं डॉक्टर म्हणाले. पांढरी गोळी सुरू केल्यावर थांबलं. तिच्यासारखीने एकच कंपनी धरून ठेवली तर तो हट्ट नाही. मी मानेवाडा रोडच्या बाजूने.

काटोल, सध्या नागपूर
आमच्या घरातलं सांगते. भावाला हीच गोळी होती. एकीने भागत नाही म्हणून तो मनानेच दोन घ्यायचा, महिन्याचं औषध पंधरा दिवसांत खलास. आमची संत्र्याची बाग, आंबिया बहाराचे दिवस, आणि हा रोज गोळीवर पेलाभर रस प्यायचा. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा कळलं. संत्र्याच्या, सफरचंदाच्या रसासोबत फेक्सोफेनाडिन अंगात नीट शोषलंच जात नाही. पाण्यासोबत घ्यायला लागला तशी एक गोळी पुरली. साठा करण्याआधी हे एकदा बघून घ्या.

आणि गोळी नाही म्हणून घरातली जुनी सीपीएम (क्लोरफेनिरामिन, ॲलर्जीचीच जुन्या प्रकारची गोळी) मनाने देऊ नका. तिने झोप येते. मुलगी गाडी चालवत असेल तर अजिबात नको.

मानेवाडा रोड
रसाचं माहीत नव्हतं, मानलं. पण माझा मुद्दा तिथेच आहे. औषध अडकलं तर दुकान, कंपनी, सरकार कोणी रात्री माझ्यासोबत जागत नाही. एक महिन्याची मर्यादा तब्येत सांभाळून ठेवणाऱ्यांनाच जड जाते.

धंतोली
थोडं वेगळं, पण सांगायलाच हवं. ओठ, जीभ सुजली, आवाज बसला, श्वास लागला, तर घरात गोळ्यांचा कितीही साठा असो, त्याचा उपयोग नाही. तिथे ॲड्रेनालिनचं इंजेक्शनच लागतं. सरळ 108 लावा किंवा जवळचं कॅज्युअल्टी गाठा. माझ्या नणंदेला आम्ही आधी गोळी देऊन अर्धा तास वाट बघत बसलो होतो. तो अर्धा तास मला अजून आठवतो.

प्रतापनगर
सगळ्यांचं वाचलं. डॉक्टरांना फोन केला, त्यांनी औषधाचं नाव लिहून दिलं. कोपऱ्यावरच्याच दुकानात दुसऱ्या कंपनीची गोळी मिळाली. तीन दिवस झाले, मुलीला फरक जाणवला नाही. मानेवाडा रोड, तुमच्या त्या रात्रीनंतर मी महिन्याची अट धरून बसत नाही. पंधरा दिवसांच्या जास्तीच्या गोळ्या ठेवीन. पण दुकानातल्या सगळ्या उचलणं मला अजूनही चूकच वाटतं. इतवारीवाले काका, त्या सहातल्या चार स्ट्रिप दुकान परत घेईल का?

इतवारी, औषध दुकान
बिल न्या. कापलेली नसेल तर बहुतेक जण घेतात. लवकर जा, उन्हात गाडीच्या डिकीत ठेवू नका.