चीन सरकार चांगलं बोलतं तरी तिकडचं मार्केट पडतं कसं?

शिकाऊ_ट्रेडर:
मंडळी, एक बेसिक शंका. २०२४ च्या सप्टेंबर अखेरीला चीनचं मार्केट सुसाट होतं, ३० तारखेला सीएसआय ३०० (शांघाय-शेन्झेनच्या मोठ्या कंपन्यांचा इंडेक्स) एका दिवसात साडेआठ टक्के वर, मग सुट्टी संपल्यावर ८ ऑक्टोबरला सरकारने प्रेस कॉन्फरन्स घेतली, सगळं गोड गोडच सांगितलं आणि त्याच दिवशी हाँगकाँगचा हँगसेंग ९ टक्क्यांच्या वर आपटला. टॅक्स लावला नाही, काही काढून घेतलं नाही, मग झालं काय? हँगसेंगचा ईटीएफ (इंडेक्सवर चालणारा, शेअरसारखा घेता येणारा फंड) थोडा घेऊन ठेवलाय म्हणून विचारतोय.

आकडेमोड:
काय सांगितलं त्यापेक्षा काय सांगितलं नाही ते बघा. २४ सप्टेंबरला त्यांच्या सेंट्रल बँकेचे गव्हर्नर पान गोंगशंग यांनी आरआरआर म्हणजे बँकांनी ठेवींतला किती पैसा राखीव ठेवायचा तो रेशो (आपल्याकडच्या सीआरआरसारखा) अर्धा टक्का कमी केला, रेट कट दिला, वर ब्रोकर, फंड आणि विमा कंपन्यांना शेअर घ्यायला पैसा मिळावा म्हणून ५० हजार कोटी युआनची सोय, आणि बायबॅकच्या (कंपनीने स्वतःचेच शेअर परत घेण्याच्या) कर्जांसाठी ३० हजार कोटी वेगळे. २६ ला पॉलिटब्युरोची, म्हणजे कम्युनिस्ट पक्षाच्या टॉपच्या नेत्यांची मीटिंग. अर्थव्यवस्थेवरची मीटिंग सहसा एप्रिल, जुलै, डिसेंबरात असते, सप्टेंबरात झाली म्हणजे वरचे लोक घाबरलेत असा अर्थ लोकांनी काढला, आणि मला विचाराल तर रेट कटपेक्षा ह्या तारखेनेच मार्केट जास्त पळवलं.

मग आठवडाभर शांघाय बंद, हाँगकाँग मात्र बहुतेक दिवस चालू, आणि आता सरकार स्वतः दोन-तीन लाख कोटी युआन खर्च करणार अशी चर्चा. ८ तारखेला माईकवर आला नियोजन आयोग, अर्थ मंत्रालय नाही, आणि आकडा आला २० हजार कोटी, तोही २०२५ च्या बजेटमधला आधी उचललेला. दिवाळीला डबल बोनस येणार म्हणून उधारीवर खरेदी करावी आणि ऑफिसने पुढच्या महिन्याचा पगार ॲडव्हान्स द्यावा, तसं झालं. शांघाय त्या दिवशी सुट्टीतली तेजी भरून काढत वर बंद झालं, पण दुसऱ्या दिवशी सीएसआय ७ टक्के खाली.

ठाणे_लोकल:
हे बरोबर आहे पण अर्धंच. तिथे सरकारचा धाकही शेअरच्या भावात धरलेला असतो. नोव्हेंबर २०२० मध्ये अँट ग्रुपचं (जॅक मांची पेमेंट कंपनी) लिस्टिंग दोन दिवसांवर असताना थांबवलं, जुलै २०२१ मध्ये शालेय विषयांच्या क्लासेसना नफा कमवायचीच बंदी, त्यातली क्लासेसवाली टीएएल एज्युकेशन न्यूयॉर्कला एका दिवसात ७० टक्के साफ. ह्यानंतर 'खाजगी कंपन्यांना पाठिंबा' असं नुसतं छापून आलं तर कोण विश्वास ठेवणार? उलट फेब्रुवारी २०२५ मध्ये शी जिनपिंग उद्योजकांना भेटले आणि जॅक मा पहिल्या रांगेत दिसले, पॅकेज वगैरे काही नाही, तरी टेक शेअरमधली तेजी टिकली.

शिकाऊ_ट्रेडर:
ओके म्हणजे कोण बोलतंय ते बघायचं. पण मग नोव्हेंबरात १० लाख कोटी युआन जाहीर झाले की, तेव्हा का नाही पळालं?

आकडेमोड:
कारण ते स्थानिक सरकारांची लपवलेली जुनी कर्जं स्वस्त बाँडमध्ये बदलायला होते. व्याज वाचतं, हप्ता लांबतो, पण लोकांच्या खिशात नवीन काही येत नाही. रेट कट सेंट्रल बँक पटकन देते, खर्चासाठी जादा कर्ज काढायचं तर त्यांच्या संसदेच्या स्थायी समितीची मंजुरी लागते, ८ नोव्हेंबरचा आकडा तिथूनच आला. म्हणून त्या मीटिंगची तारीख लक्षात ठेवा आणि पैसा कशासाठी हे आधी वाचा, आकडा नंतर.

घाटावरचा:
ऑक्टोबर २०२४ मध्ये एफआयआयनी (परदेशी गुंतवणूकदार संस्थांनी) इथे ९० हजार कोटींच्या वर विकलं तेव्हा सगळे 'सेल इंडिया बाय चायना' ओरडत होते, माझ्या मते आपले महागडे भाव आणि ढिले रिझल्टही तितकेच जबाबदार होते. आणि शिकाऊ भाऊ, ईटीएफ घेताना एनएव्ही (एका युनिटमागे फंडाकडे असलेल्या शेअरांची खरी किंमत) बघता ना? फंडांच्या परदेशी गुंतवणुकीवर लिमिट असल्याने असे ईटीएफ कधीकधी बरेच प्रीमियमवर, म्हणजे एनएव्हीपेक्षा महाग चालतात, मग प्रीमियम उतरला की हँगसेंग वर जाऊनही तुम्ही लॉसमध्ये.

शिकाऊ_ट्रेडर:
एनएव्ही बघितलाच नव्हता 😅 आत्ता बघतो.