काजूची भट्टी आणि पणजीतले जुने बार: दोन दिवसांत काय बघावं, काय चाखावं?

कुडाळवासी
एप्रिलमध्ये आम्ही चौघे गाडीने गोव्याला जातोय. पहिल्या दिवशी सत्तरी तालुक्यात काजूच्या दारूची भट्टी बघायची आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पणजीत मळा-फोंतेन्यास भागातले जुने बार पायी फिरायचे. भट्टीवर किती वाजता पोचावं? उर्राक आणि फेणी जागेवर कशी ओळखायची? आणि येताना एखादी बाटली आणता येईल का?

बोंडूवाला
एप्रिल म्हणजे ऐन हंगाम, मे संपत आला की भट्ट्या थंडावतात. सकाळीच पोचा. बोंडू, म्हणजे काजूचं फळ, झाडावरून तोडत नाहीत, पिकून आपोआप पडलेलेच वेचतात, आणि हे काम ऊन चढायच्या आत चालतं. आधी बी पिळून वेगळी काढतात. फुटलेल्या काजूबीला हात लावू नका, टरफलातल्या तेलाने कातडी भाजते.

मग बोंडू तुडवतात. खडकात कोरलेली कुंडी अजून काही ठिकाणी आहे, बाकी ठिकाणी यंत्र आलं. तुडवलेल्या चोथ्याचा ढीग करून त्यावर दगड ठेवतात. त्यातून जो रस आपसूक ठिबकतो तो नीरो. तो तिथेच मागून प्या, ताजा असतानाच गोड लागतो आणि त्यात दारू नसते. तुडवून काढलेला रस मात्र आंबवायला जातो. त्यात यीस्ट घालत नाहीत, साखर नाही, पाणीही नाही; फळाच्या सालीवरच्या यीस्टवरच दोन-तीन दिवसांत तो आंबतो. बुडबुडे थांबले की लगेच भट्टीवर चढवायला हवा. रेंगाळला तर त्याचा शिरका होतो आणि तो आंबटपणा पुढे दारूत उतरतो. म्हणून मडक्यांजवळ गेल्यावर वास घ्या. फळाचा वास हवा, नाकात चढणारा शिरक्याचा नको.

माडाखाली
भट्टीवर तीन गोष्टी बघा.

तांब्याचं भांडं, म्हणजे भाण, त्याच्या तोंडाचा सांधा. तिथे कापड आणि वारुळाची माती लिंपतात. फट राहिली तर वाफ निसटते आणि माल कमी भरतो. दुसरं, आग. जाळ जास्त झाला की रस फेसाळून नळीत चढतो, तळाला चिकटून जळतो आणि तो करपट वास दारूला लागतो तो जात नाही. तिसरं, थंड करायचं पाणी. वाफ ज्या भांड्यात उतरते त्यावर सतत पाणी ओततात. पाणी कोमट झालं की वाफेचा नीट द्रव होत नाही. चांगला भट्टीवाला जाळापेक्षा पाण्याकडे जास्त लक्ष देतो.

पहिल्या ऊर्ध्वपातनात निघते ती उर्राक, साधारण 15 टक्के. तीच उर्राक आंबलेल्या रसात मिसळून पुन्हा गाळली की फेणी, बाटलीवर बहुधा 42.8 टक्के लिहिलेलं असतं. भट्टीवर कोणी "19-20 ग्राव" म्हणाला तर 20 टक्के समजू नका. ग्राव हे जुनं मोजमाप आहे, टक्के नव्हेत. बाटली हलवून बुडबुडे दाखवतात, त्यावरून तीव्रतेचा अंदाज येतो, शुद्धतेचा नाही. शुद्धतेसाठी दोन थेंब तळहातावर चोळा: काजूचा वास रेंगाळला पाहिजे. वासच नसेल तर ती फेणी घेऊ नका.

रायबंदरकर
पणजीतल्या फेरीबद्दल. 60 मिली उर्राकमध्ये शुद्ध अल्कोहोल सुमारे 9 मिली, आणि 30 मिली फेणीत जवळपास 13. म्हणजे छोटा पेला मोठ्या पेल्याहून भारी. चाखायचंच असेल तर एका ठिकाणी 15 मिली, आधी नुसती, मग पाणी घालून. लिमका, मीठ, हिरवी मिरची हे उर्राकसाठी छान. फेणीत ते आधीच घातलं तर चव कळणार नाही. माडाची फेणी नारळाच्या सुरेपासून, म्हणजे माडीपासून होते, ती आणि काजूची एकाच बैठकीत शेजारी ठेवून प्या, फरक तेव्हाच कळतो. जेवून निघा, आणि गाडी पार्क करून चालतच फिरा. चालकासाठी मर्यादा 100 मिली रक्तात 30 मिलिग्रॅम आहे.

काजू फेणीला 2009 साली भौगोलिक मानांकन मिळालं आणि 2016 मध्ये गोवा सरकारने फेणीला वारसा पेय ठरवलं. तरी बऱ्याच ठिकाणी पर्यटकांना दुसरंच काही पुढे करतात. तुम्ही फेणी नाव घेऊनच मागा.

कुडाळवासी
मनापासून आभार. आणि बाटलीचं?

बोंडूवाला
नका आणू. परवान्याशिवाय गोव्याची दारू महाराष्ट्रात आणणं गुन्हा आहे, आणि वाटेत इन्सुलीला तपासणी नाका आहे. गोव्यातल्या दुकानाचं बिल म्हणजे महाराष्ट्राचा परवाना नव्हे. उर्राक तर तशीही टिकत नाही, ती हंगामातच, तिथेच संपवायची.

बाकी, आपल्या सिंधुदुर्गात बी काढून घेतली की बोंडू झाडाखाली कुजतात, याचं फार वाईट वाटतं. निदान सरबत, जॅम करणाऱ्यांकडून तरी घ्या. सरबताची बाटली नाक्यावर कोणी अडवत नाही.